मी सांगितलेला कौल

आमच्या वाडीत बैल घ्यायचा तरी देवीला विचारत आणि विकायचा तरी विचारत. कोणी मुंबईला कामाला निघाला, कोणाची सोयरीक जुळत आली, आजारी माणसाला महाडला डॉक्टरकडे न्यायचं झालं, की आधी गुरवाला बोलावणं जाई. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना पाण्याने भिजवलेल्या कळ्या चिकटवी, गाऱ्हाणं घाली, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहत. उजवीकडची कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. या कौल लावण्याच्या प्रकाराला मी जन्मभर हसत आलो. भिजवलेली कळी कधी ना कधी पडणारच, जिथलं पाणी आधी सुकेल तिथली आधी पडेल, एवढी साधी गोष्ट मी शाळेत पोरांना सांगे. पोरं घरी जाऊन सांगत की मास्तरांना देवी एक दिवस बघून घेणार आहे.

हसण्यामागे राग होता, हे कबूल करतो. जर्मनीच्या पहिल्या लढाईच्या वेळी भरतीचा साहेब पोलादपूरला आला होता. मी बावीस वर्षांचा होतो. छाती मोजून घेतली, नाव लिहून दिलं आणि नाचत घरी आलो. वडिलांनी कौल लावला, तो डावा आला. "देवीची मर्जी नाय," एवढंच ते म्हणाले आणि विषय मिटला. माझ्याबरोबर नाव दिलेले चौघे गेले. त्यातले तिघे परत आले आणि पारावर बसून बसऱ्याच्या लढाईच्या गोष्टी सांगू लागले. मी मास्तर झालो, दोन वाड्यांच्या मधल्या एका खोलीच्या शाळेत पाढे म्हणवून घेऊ लागलो. चौथा परत आला नाही, आणि तो चौथा मीच असतो की काय, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मला फक्त ते तिघे दिसत.

आम्हाला एकच मुलगा. त्याच्या मागची दोन लहानपणीच गेली. हा वाढला, माझ्याच शाळेत माझ्या छड्या खाऊन शिकला, महाडला राहून सातवी झाला, आणि एकोणिसाव्या वर्षी तुडीलला मामाकडे जातो म्हणून निघाला तो भरती होऊनच परत आला. आईला विचारलं नाही, मला विचारलं नाही, देवीला तर नाहीच. ही तीन दिवस रडली. मी वरवर रागावलो आणि आतून इतका खूश झालो की तिच्या नजरेला नजर देईना.

तो ज्या पलटणीत गेला तिला आमच्याकडे सफरमैना म्हणत. ही माणसं बंदुकीपेक्षा कुदळ जास्त धरतात. फौजेसाठी रस्ते करायचे, नदीवर पूल घालायचे, आणि वाटेत जे आडवं येईल ते सुरुंगाने उडवायचं. हिला मी पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या. तिसरी सांगण्याची गरज नव्हती. गवंडीकाम करायला गेलाय म्हणा ना, असं मी म्हणे, आणि ती वाडीभर तसंच सांगे.

सहा-सात महिन्यांनी, दिवाळीनंतर, त्याचं पत्र आलं. सुरुंगाचं काम शिकवायला थोडी मुलं निवडणार होते. त्याने लिहिलं होतं, "शिक्षण जोखमीचं आहे. जो एकुलता एक असेल त्याने घरच्यांचं मत आणल्याशिवाय त्याला घ्यायचं नाही, असा आमच्या सुभेदारसाहेबांचा नियम आहे. काय करू ते उलट टपाली कळवावं. आकडेमोडीत वर्गात मीच पुढे आहे." जायचं आहे असं त्याने कुठे लिहिलं नव्हतं. नको आहे असंही नव्हतं. पण शेवटचं वाक्य वाचून माझ्यातला मास्तर असा फुगला की बाकीचं पत्र मला दिसेनासं झालं. पोराला जायचं आहे, आपल्या तोंडून हो ऐकायचं आहे, असं मी धरून चाललो.

हिला अक्षरओळख नव्हती, पत्र मीच वाचून दाखवी. सुरुंग हा शब्द आता चुकवता येईना. ऐकून तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "गेल्या टायमाला आपल्या मनानी गेला. ह्या टायमाला देवीला इचारल्याबिगर नाय."

"देवीला सुरुंगातलं काय कळतं?"

"तुमाला तरी काय कळतं?"

कौल लावायचं ठरलं. अडचण एवढीच होती की ती दुसऱ्या दिवशी बाहेरची झाली, म्हणजे चार दिवस देवळाकडे फिरकायचं नाही. टपालवाला बुधवारी आणि शनिवारी पोलादपुराहून येई आणि परतताना आमची पत्रं घेऊन जाई. शनिवार हुकला तर उत्तर वेळेत पोचलं नसतं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा नारळ घेऊन देवळात गेलो. रस्त्यात भेटला तो प्रत्येक जण थांबून माझ्याकडे बघत होता. मास्तर आणि देवळात!

गुरव म्हातारा झाला होता, हात कापत. त्याने कळ्या लावल्या, मुलाचं नाव घेतलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ते पुरं व्हायच्या आत डावी कळी पडली. उजवी तशीच चिकटून होती, आम्ही निघालो तेव्हासुद्धा.

"डावा हाय, मास्तर," तो म्हणाला.

"पुन्हा लाव."

"एका दिसात दोनदा इचारत नाय."

मी पाषाणाकडे बघत बसलो. वडील आठवले, त्यांचं ते "मर्जी नाय" आठवलं, आणि असा संताप आला की कानशिलं तापली. एका कळीने माझं आयुष्य या डोंगरात कोंडून घातलं होतं. तीच आता माझ्या मुलालाही मागे ओढणार होती. मी गुरवाला म्हटलं, "घरी काय सांगायचं ते माझं मी बघीन. तू कुठं बोलू नकोस."

"कौल ज्याचा त्याला," तो म्हणाला. "मी कुनाला कशाला सांगू?" आणि नारळाचं अर्धं भकल माझ्या हातात ठेवून तो झाडायला लागला.

ही पडवीत एका अंगाला बसली होती. मला बघून उठून उभी राहिली. जवळ येता येत नव्हतं, म्हणून तिथूनच तिने विचारलं, "काय दिलान देवीनी?"

"उजवा," मी म्हणालो.

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तिने देवळाच्या दिशेने हात जोडले आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "लिवा," ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता लिवा. उजवा दिलान म्हून लिवा. त्याला धीर येल." मी लिहिलं, की देवीने उजवा कौल दिला आहे, आम्हा दोघांची संमती आहे, मन लावून शीक. शाई वाळली, पत्र टपालवाल्याच्या पिशवीत गेलं, आणि मी शाळेत जाऊन नेहमीसारखे पाढे घेतले.

पहिले काही दिवस मी स्वतःवर खूश होतो. वडिलांना जमलं नाही ते आपल्याला जमलं, असं वाटे. मग त्याची पत्रं येऊ लागली. वात किती लांब कापायची, ती किती वेळ जळते, दारू कशी ठासायची, हे तो मास्तराच्या मुलाला शोभेल अशा नेटक्या अक्षरात लिही. बत्ती लावली की पळायचं नाही, चालत यायचं, हे पहिलं शिकवतात, असं त्याने एकदा कळवलं. ही ते ऐकून हसली. "चालत येतात म्हंजे येळ बक्कळ आसल," ती म्हणाली आणि कामाला लागली. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. चालत का यायचं? पळायला काय हरकत आहे? मला काही केल्या ते पटेना, आणि विचारणार कोणाला?

त्या हिवाळ्यात आंबेनळी घाटात रस्त्याचं काम चाललं होतं. सरकून आलेला खडक फोडत होते, आणि वारा इकडचा असला की सुरुंगाचा आवाज शाळेपर्यंत येई. पोरं पाटी टाकून मोजत. एका रविवारी पाट्या आणायला पोलादपूरला जातो असं हिला सांगून मी घाटाची वाट धरली. धोतर, कोट, डोक्याला टोपी, हातात छत्री. साहेब आला असं वाटून कामावरची माणसं आधी उभी राहिली, मग मास्तर आहे हे कळल्यावर खाली बसली.

मुकादमाने मला लांब, एका कातळाच्या आडोशाला उभं केलं. खडकात चार भोकं मारून भरली होती. एक माणूस तोंडात विडी घेऊन गेला, त्या विडीनेच चारी वाती पेटवल्या आणि आमच्याकडे चालत निघाला. हात मागे बांधून देवदर्शनाहून परतावा तसा. मी ओरडलो, "अरे पळ!" सगळे हसले.

"पळनारा पडतो, मास्तर," मुकादम म्हणाला. "पडला की मग उठायला नाय सुचत."

एक आवाज झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथा होईना. कोणी हललं नाही. मी मुकादमाकडे बघितलं तर त्याने बोट ओठांवर ठेवलं. विड्या ओढून झाल्या, पाणी पिऊन झालं, ऊन कातळावरून सरकलं, तरी सगळे तसेच बसून होते. "न उडालेल्याकडे लगेच जायचं नसतंय," तो नंतर म्हणाला. "आत काय चाललंय आपल्याला कुटं दिसतंय? गेला तो गेला." चौथा कधी उडाला ते मी पाहिलं नाही. मी त्याआधीच घाट उतरायला लागलो होतो, आणि पाट्या न घेताच घरी आलो. दुकान बंद होतं, असं हिला सांगितलं.

त्या दिवसापासून मला खरी भीती लागली. आणि ती सुरुंगाची नव्हती, हेच सांगायला लाज वाटते. मला त्या डाव्या कळीची भीती वाटू लागली. पाणी सुकलं म्हणून कळी पडली, हे मी स्वतःला रोज समजावी, पोरांना समजावत आलो होतो तसंच. मग गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत कशी पडली, असा प्रश्न माझा मीच विचारी. ज्या देवीला मी कधी मानलं नाही ती माझ्यावर आणि फक्त माझ्यावरच नजर ठेवून आहे असं वाटे. ही खुशाल होती. देवीने उजवा दिलाय म्हटल्यावर तिने काळजीला घरातून हाकलूनच दिलं होतं. नाचणीचं पीठ, कुळीथ, सुकट यांची बोचकी बांधून ती घाटावर जाणाऱ्या माणसांबरोबर धाडी, माझ्या पत्रात अंगाऱ्याची पुडी घालायला लावी, आणि पाणवठ्यावर बायकांना सांगे की माझ्या पोराला देवीनेच पाठवलाय. एका घरात दोन माणसं, एक मुलगा, आणि दोघांचे दोन वेगळे कौल. तिच्याजवळ बसलो असतानाही मी कुठेतरी लांब, एकटा असे.

गुरवाशी बोलावं असं फार वाटे. कौल चुकतो का रे कधी, एवढंच विचारायचं होतं. दोनदा देवळापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मास्तर गुरवाला शंका विचारतोय, हे मला सोसलं नसतं. वैशाखात गुरव तापाने गेला. त्याच्या तिरडीमागून चालताना सगळे म्हणत होते की मास्तरांना त्याचा फार लळा. लळा कसला! माझं गुपित जाणणारा एकच माणूस होता, आता तोही राहिला नाही, म्हणून मी रडलो.

श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी ही लाह्या भाजत होती. खापरात त्या ताडताड उडू लागल्या आणि मी एकदम ओरडलो, "बंद कर ते!" ती दचकून माझ्याकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अवो, लाह्या हायत त्या. पोरगा तिकडं डोंगार फोडतोय, आनि बाप लाह्यांना भितोय." मी छत्री उचलून बाहेर पडलो आणि भर पावसात बांधावर जाऊन उभा राहिलो. तिच्या हसण्याचा मला राग आला नव्हता. मला त्या हसण्याचा हेवा वाटला.

गणपती झाले आणि त्याचं पाकीट आलं. एरवी तो कार्ड टाकी. टपालवाला मला शाळेच्या वाटेवरच भेटला, म्हणून मी ते तिथेच फोडलं. त्याच्या वर्गातला साताऱ्याकडचा एक मुलगा गेला होता. सुरुंग वेळेवर उडाला नाही, आणि तो थांबायचा तेवढा थांबला नाही, पुढे गेला. त्याची वळकटी आमच्या मुलाच्या शेजारी असे. पुढे लिहिलं होतं, "सुभेदारसाहेबांनी आम्हा सर्वांना सांगितलं, की ज्याला परत आपल्या कंपनीत जायचं असेल त्याने पंधरा दिवसांत सांगावं, त्याला कोणी हसणार नाही. आबा, कौल उजवाच होता ना? नक्की? तेवढं कळवा, मग मी काय ते ठरवतो."

घरी मी ते पत्र वाचून दाखवलं. म्हणजे कागद हातात धरून मनाने बोललो. खुशाल आहे, पाऊस फार आहे, सुकट पोचली. "आनि?" तिने विचारलं. "कौल उजवाच होता ना, असं विचारतोय," मी म्हणालो. ते का चोरलं नाही हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित तिने काहीतरी ओळखावं, मला धरून विचारावं, असं वाटत असेल. तिने काही ओळखलं नाही. "मंजे काय, उजवाच!" ती म्हणाली. "लिवा त्याला, आई म्हनते घाबरू नको, देवी तुझ्या फुडं चालत्ये."

दोन दिवस मी कागद पुढे घेऊन बसलो. डावा, हा एवढाच शब्द लिहायचा होता. तो लिहिला असता तर मुलगा परत कंपनीत गेला असता, कुदळ-फावड्याचं काम करत जिवंत राहिला असता. पण मग मी खोटं बोललो हे त्याला कळलं असतं. त्याच्या आईला कळलं असतं, वाडीला कळलं असतं. कौलाला हसणारा मास्तर कौलापुढे वाकला, अशी आणखी वीस वर्षं पारावर टिंगल झाली असती. आणि मी स्वतःला दुसरंही एक सांगितलं, जे मला जास्त शोभत होतं. पोर बिचकलं आहे, त्याला बळ हवं आहे, बापाने अशा वेळी पाठीवर हात ठेवायचा असतो. मी लिहिलं, "कौल उजवा होता. शंका धरू नकोस. मधेच सोडून आलास तर जन्मभर खंत राहील, हे मी अनुभवाने सांगतो." खाली तिचा निरोप लिहिला. टपालवाल्याने पत्र पिशवीत टाकलं तेव्हा ते परत मागून घ्यावं म्हणून मी त्याच्यामागे दहा पावलं गेलोसुद्धा. त्याने वळून विचारलं, "काय मास्तर?" मी म्हटलं, "काही नाही. जपून जा, वाट निसरडी आहे."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मी लिहीत नाही. टपालवाला यायच्या दिवशी मी पोरांना लवकर सोडून देई आणि वाटेवर जाऊन बसे. तो लांबून दिसला की त्याच्या चालीवरून बातमी ओळखायचा प्रयत्न करी. तो लंगडा होता, त्याची चाल नेहमी सारखीच असे.

दिवाळी तोंडावर आली आणि कार्ड आलं. मुलगा शिक्षण पुरं करून पास झाला होता. त्याला सरहद्दीवर पाठवणार होते, आणि त्याआधी दहा दिवसांची रजा होती.

तो आला तेव्हा रुंद झाला होता, आवाज बदलला होता. आई त्याला देवळात घेऊन गेली, देवीची ओटी भरली, गुरवाच्या मुलाला नवं धोतर दिलं. मी मागे उभा होतो. मुलाने पाषाणावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. तो हसे, पोरांना बत्तीच्या गोष्टी सांगे, पण साताऱ्याकडच्या त्या मुलाचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. मीही काढलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आईने त्याच्या तळहातावर दही घातलं आणि ती वाडीच्या वेशीपर्यंत आली. तिथून पोलादपूरच्या मोटारीपर्यंत आम्ही दोघेच चालत निघालो. ट्रंक त्याने खांद्यावर घेतली होती, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. अर्धी वाट झाल्यावर तो म्हणाला, "आबा, तुमचं ते पत्र मी दोन दिस फोडलंच नव्हतं."

"कुठलं?"

"कौलाचं. दुसरं. मला वाटत होतं, तुमी डावा लिवाल."

"असं का वाटलं?"

"वाटत नव्हतं," तो म्हणाला. "तसं लिवावं असं वाटत होतं. त्या साताऱ्याच्या पोराला आमी चादरीत गोळा करून आनला, आबा. त्याच्यानंतर वात कापताना माझे हात थिर ऱ्हात नव्हते. मला परत जायचं होतं. पन माझ्या तोंडानी कसं सांगू? देवीच नको म्हनते, आसं सांगता आलं आसतं. म्हून इचारलं, नक्की का. मी रोज म्हनायचो, डावा येऊ दे, डावा येऊ दे. आनि तुमी लिवलंत उजवा. मग म्हटलं, देवीच म्हनते तर मरनार नाय. त्याच्यावर काढले पुढचे दिस."

मी चालायचा थांबलो. तोही थांबला. खालच्या शेतांत भात कापत होती माणसं, त्यांचं बोलणं वर ऐकू येत होतं. त्या वेळी गप्प राहण्याइतकी अक्कल देवाने मला द्यायला हवी होती. पण वर्षभर जे एकट्याने गिळलं होतं ते बाहेर पडलं, मी म्हणालो, "डावाच होता रे."

"काय?"

"कौल. डावा आला होता. मी उजवा सांगितला. तुझ्या आईला पण आणि तुला पण."

त्याने ट्रंक रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेवली. आता त्याचा चेहरा मला दिसला. तो रागावेल, ओरडेल, असं वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावरचा दहा दिवसांचा तो रुंद, मिशीवाला जवान कुठेतरी निघून गेला, तिथे माझ्या शाळेतला छडी खाल्लेला मुलगा उरला.

"आईला ठाव हाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग सांगू नका तिला. कधीच सांगू नका." आणि त्याने ट्रंक पुन्हा खांद्यावर घेतली.

मोटारीपर्यंत तो माझ्या पुढेच चालत राहिला. तो पायरीवर चढला, तिथूनच वाकून माझ्या पायांना हात लावायला बघत होता, पण मोटार हलली. "जपून राहा," मी म्हणालो. "व्हय," तो म्हणाला. मोटार घाटाकडे वळली.

तो जगला. पुढे बरीच वर्षं नोकरी करून तो परत आला, आज तो आजोबा आहे. हे आधी सांगितलं असतं तर वाचणाऱ्याला माझं ते वर्ष कळलं नसतं. पण सरहद्दीवरची पहिली दोन वर्षं तो रोज बत्ती लावत होता, आणि देवीने आपल्याला नको म्हटलं आहे हे रोज त्याला ठाऊक होतं. सुट्टीवर आला की आई त्याला देवळात नेई आणि उजव्या कौलाबद्दल त्याच्याकडून नारळ वाहवून घेई. तोही निमूटपणे वाही. त्याबद्दल तो मला कधी बोलला नाही. मला मुलगा परत मिळाला होता, देवीने नव्हे तर नशिबाने म्हणा, पण त्या वाटेनंतर आम्ही दोघे एका खोलीत बसून कधी सहज बोललो आहोत, असं मला आठवत नाही.

त्या दिवशी मी पोलादपुराहून परत चालत आलो तेव्हा दुपार झाली होती. वाट तीच, पण पायांना चढ लागला नाही. वर्षभर छातीवर जे बसलं होतं ते उतरलं होतं. मला हलकं वाटत होतं, इतकं की मी शीळ घालत होतो, आणि हे कळल्यावरसुद्धा मी ती थांबवली नाही. ही दारातच होती. "गेला नीट?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने पान वाढलं, तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. मी एक भाकरी खाल्ली, मग दुसरी, मग तिसरी मागितली. ती समोर बसून बघत होती.

"बरं वाटलं बाय," ती म्हणाली. "कितीक दिसांनी पोटभर जेवलात."

आणि मी खरंच पोटभर जेवलो होतो.